अक्षराआधी ध्वनी

आपल्या मावळातील कार्ल्याच्या लेण्यांत दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. व्यंजनाला स्वरचिन्ह जोडण्याची तीच रीत आजच्या देवनागरीतही आहे. म्हणून थोडे ध्वनी व थोडी चिन्हे कळली की शब्द वाचता येतात. बाराखडी पाठ होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. फलटणच्या डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी वर्णांचे छोटे गट करून शिकविण्याची वाट दाखविली. क, म, ल आणि काना एवढ्यावर मूल ‘काका’, ‘मका’, ‘काम’, ‘कमाल’ वाचते. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या लेकरास आम्ही हसत नाही. आधी त्याचा उच्चार ऐकतो, मग ‘ण’ दाखवितो. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले, त्यांच्या मुलांना वाचनाचे भय वाटता कामा नये.