जुनं लेथ सोलापुरात आणताना: ट्रकभाडं आणि बाकीचा खर्च

राजकोटला जुनं लेथ दीड लाखात मिळतंय, तसंच सोलापुरात दोन लाखांना आहे, म्हणजे पन्नास हजार वाचले, असा हिशेब अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणी ना कुणी मांडत असतो. फार तर ट्रकचं भाडं त्यातून वजा केलं जातं. तिकडच्या शेडमधून यंत्र उचलून गाडीत ठेवणं आणि इकडे उतरवून पायावर बसवणं, हे बहुतेकदा राहून जातं. माझ्या मते जड यंत्राच्या वाहतुकीत खरा खर्च आणि खरी मोडतोड या दोन टोकांनाच होते. मधला हजार किलोमीटरचा रस्ता त्यामानाने स्वस्त.

आधी वजन पक्कं करा. विकणाऱ्याच्या अंदाजावर गाडी ठरवू नका. सहा फुटी हलकं लेथ टनभर भरेल, दहा फुटी जड लेथ तीन-चार टनांवर जाऊ शकतं. यंत्र एचएमटीचं किंवा हरिहरच्या किर्लोस्करचं असेल, तर पाटीवरचं मॉडेल पाहून जुन्या माहितीपुस्तकात वजन शोधता येतं. पाटी उडालेली असेल तर निघताना गाडी काट्यावर घ्या. दीड टनापर्यंत पिकअप चालते, चारेक टनांना १४ फुटी आयशर लागते. पासिंगपेक्षा जास्त माल भरला, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये दंड, शिवाय जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये, आणि वरचा माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

भाड्याचा अंदाज घरीच काढता येतो. राजकोट ते सोलापूर सुमारे १,१०० किलोमीटर. भरलेली आयशर लिटरला सात किलोमीटर देते असं धरलं, तर १५७ लिटर डिझेल लागेल. ९० रुपयांच्या दराने नुसत्या डिझेलचे १४ हजार होतात. त्यावर टोल, चालकाचा भत्ता, मालकाचा नफा. गाडी परत रिकामी जाणार असेल तर त्या फेरीचा बोजाही तुमच्यावरच पडतो. म्हणून ‘सोलापूरची गाडी’ शोधत बसू नका, हैदराबादची शोधा. पुणे-हैदराबाद महामार्ग सोलापूरवरूनच जातो, त्यामुळे वाटेत एक यंत्र उतरवायला गाडीवाला सहज तयार होतो आणि भाडंही घासाघीस करून ठरवता येतं.

पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या मालासोबत आपलं यंत्र पाठवणं, याहून स्वस्त पडतं, पण त्यात एक गोम आहे. वाटेतल्या गोदामात माल एका गाडीतून दुसरीत जातो. म्हणजे तुमचं लेथ आणखी एकदा उचललं जातं, तेही तुम्ही समोर नसताना. ‘याच गाडीने शेवटपर्यंत’ असं बिल्टीवर लिहून मिळत असेल तरच पार्ट लोड घ्या.

आता ती दोन टोकं. हायड्रा क्रेनचं भाडं कामाच्या मिनिटांवर ठरत नाही. किमान तासांचे किंवा अख्ख्या शिफ्टचे पैसे घेतात, येण्याजाण्याचा वेळही त्यातच मोजतात. गाडी रात्री पोचली आणि हायड्रा सकाळी आली, तर गाडीचं हॉल्टिंग वेगळं. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या मोठ्या शेडमध्ये हायड्रा आत जाते. शहराच्या पूर्व भागात, जिथे घराला लागूनच यंत्रमाग आहेत, तिथल्या बोळांत ती शिरत नाही. तिथे पाईपचे रोलर, पहारी, चेन पुली आणि जाणती माणसं लागतात. मुकादमाला आधी जागा दाखवा. दाराची रुंदी, पायरी, वरच्या विजेच्या तारा, सगळं त्याच्या नजरेखालून जाऊ द्या आणि हमाली, वाराई यांचा एकच आकडा ठरवा. गाडी दारात उभी राहिल्यावर ठरवायला गेलात तर तुमच्या हातात काही उरत नाही. जड वाहनांना शहरात कोणत्या वेळेत मनाई आहे, हेही आधीच विचारून ठेवा.

उचलण्यापूर्वीची तयारी फुकटात होते, तरी लोक तीच टाळतात. गिअरबॉक्सचं तेल आणि कूलंट काढून टाका. बेडवर जाड ग्रीस फासा, नाहीतर पावसाळ्यात सोलापूर येईपर्यंत गंज धरतो. लेथचा जास्त भार हेडस्टॉककडे असतो, म्हणून कॅरेज आणि टेलस्टॉक सरकवून तोल साधायचा आणि मग दोन्ही घट्ट आवळायचे. पट्टा बेडखालून घ्या. लीड स्क्रू किंवा फीड रॉडवर दाब आला की ते वाकतात, आणि त्या दुरुस्तीत वाचलेले पैसे तिथेच संपतात. साखळीपेक्षा नायलॉनचा पट्टा बरा. चक, मोटर, पॅनल सुटे करून वेगळ्या पेटीत भरा. वायरिंग सोडण्याआधी फोटो काढा. लेथऐवजी यंत्रमाग असेल तर ही सगळी तयारी जॉबरवर, म्हणजे माग जुळवणाऱ्या कारागिरावर सोपवा, त्याला इथून सोबत नेण्याचा खर्च वसूल होतो.

कागदांत कंजूषी करू नका. परराज्यातून येणारा माल ५०,००० रुपयांवर असेल तर ई-वे बिल लागतंच. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे राजकोटहून सहा दिवस. बिलाशिवाय घेतलेलं यंत्र वाटेत अडवलं, तर कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. दीड लाखावर १८ टक्के कर म्हणजे २७,००० रुपये, दंड ५४,०००. तुम्ही जीएसटी नोंदणीकृत असाल आणि ट्रान्सपोर्टर स्वतः कर लावत नसेल, तर भाड्यावरचा पाच टक्के कर तुम्ही भरायचा असतो.

विम्याबाबत मात्र सावध राहा. ‘ट्रान्सपोर्टरची जबाबदारी आहे’ या भरवशावर बरेच जण असतात. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखालच्या नियमांनुसार, जास्त जोखमीचा दर ठरवून घेतला नसेल तर त्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरतीच असते. आठ हजारांचं पार्ट लोड भाडं दिलंत, तर भरपाई ८० हजारांच्या वर जात नाही, यंत्र कितीही किमतीचं असो. स्वतःचा ट्रान्झिट विमा काढताना ए, बी, सी यांतला कोणता क्लॉज आहे ते विचारा. सी मुख्यतः आगीपुरता असतो. बीमध्ये टक्कर आणि गाडी उलटणं येतं, पण हायड्राच्या पट्ट्यातून यंत्र निसटलं तर तो कामाचा नाही. चढवण्या-उतरवण्याचं संरक्षण पॉलिसीत लेखी हवं. जुन्या यंत्राला गंज आणि ओरखडे बहुधा वगळलेलेच असतात, त्यामुळे निघण्याआधीचे तारखेसह फोटो हाताशी ठेवा.

भाड्याचा काही हिस्सा पोच झाल्यावर द्यायचा, असं आधीच ठरवा. पोचपावतीवर सही करण्यापूर्वी यंत्र गाडीवर असतानाच फिरून पाहा. तडा, वाकलेला रॉड, गायब झालेलं हँडल, जे दिसेल ते त्याच पावतीवर लिहून चालकाची सही घ्या. ट्रान्सपोर्टरला नुकसानीची लेखी नोटीस द्यायला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवस असतात. मुदत पोचल्या दिवसापासून मोजू नका.