पाटीचा दगड आणि बेथेस्डा गाव

आता पत्र्याच्या आणि प्लॅस्टिकच्या पाट्या निघाल्या आहेत. पण आमच्या पिढीने पहिले अक्षर गिरवले ते दगडाच्या काळ्या पाटीवर. भोवती लाकडी चौकट आणि मध्ये गुळगुळीत दगड. हा दगड मोठा नवलाचा असतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण फोडला तर ओबडधोबड तुकडे निघतात. पाटीच्या दगडाचे तसे नाही. छिन्नी लावून बेताने ठोका मारला, की पोथीची पाने सुटावी तसे त्याचे पापुद्रे सुटतात.

आपल्या देशात हा दगड आंध्र प्रदेशात मार्कापूरकडे निघतो. थंडीपावसाच्या मुलखात लोक याच दगडाचे पातळ तुकडे कौलांसारखे घरावर घालतात. असे छप्पर शंभर वर्षे टिकते. या दगडाने एक गाव वसवले, एक गाव भांडायला लावले, आणि आज तेच गाव पाहुण्यांच्या जिवावर जगू पाहते आहे. त्या गावाची हकिकत या धड्यात सांगू. गाव दूरचे आहे, पण दगडाच्या खाणीशेजारी राहणाऱ्या कोणालाही ती आपलीच वाटेल.

डोंगर कोणाचा?

इंग्लंडला लागून पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ देश आहे. तो ब्रिटनचाच भाग आहे. पण तिथल्या लोकांची भाषा निराळी. तिला वेल्श म्हणतात. वेल्सच्या उत्तरेला ओग्वेन नावाची नदी वाहते. तिच्या काठी बेथेस्डा हे गाव आहे. १८२० साली इथे ख्रिस्ती लोकांनी एक प्रार्थनामंदिर बांधले. त्याला बायबलातल्या एका तळ्याचे नाव दिले, बेथेस्डा. पुढे गावालाही तेच नाव पडले.

गावाजवळच्या डोंगरात पाटीचा दगड आहे. पूर्वी आसपासचे शेतकरीच तिथे लहान लहान खड्डे खणत, दगड काढत आणि जमीनदाराला थोडा खंड देत. १७८२ साली जमीनदार रिचर्ड पेनंट याने हे सगळे खड्डे आपल्या ताब्यात घेतले आणि एकच मोठी खाण चालू केली. तिचे नाव पेनरिन खाण. याच्यापाशी भांडवल कोठून आले? जमैका बेटावर त्याच्या घराण्याचे उसाचे मळे होते. त्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. त्या गुलामांच्या घामाचा पैसा या डोंगरात उतरला.

मग छोटी रूळगाडी झाली. घोडे ती ओढत. दगड बंदरावर जाऊ लागला आणि तिथून जहाजाने देशोदेशी. शंभर वर्षांत ही खाण पाटीच्या दगडाची जगातली सर्वांत मोठी खाण झाली. लांबी सुमारे दीड किलोमीटर आणि खोली ३७० मीटर. आपल्या दिल्लीचा कुतुबमिनार तिथे एकावर एक पाच वेळा उभा केला, तरी बाहेरून कळस दिसायचा नाही! सुमारे तीन हजार माणसे तिथे कामाला होती. डोंगर मालकाचा, खाण मालकाची, पुष्कळ घरांखालची जमीनही मालकाची. मग सांगा, गावात गावाचे काय राहिले?

खोपटातली शाळा

काही राहिले. ते मालकाने दिलेले नव्हते, कामगारांनी स्वतः उभे केले होते.

खाणीत तीनचार माणसांची टोळी करून काम घेत. टोळीला कड्याचा एक तुकडा महिनाभरासाठी ठरवून मिळे. दोघे दोराला लोंबकळून दगड फोडीत, बाकीचे खाली बसून पापुद्रे काढीत. काम जोखमीचे, पण हुन्नराचे. आपण मजूर नाही, कारागीर आहोत, असा त्यांना अभिमान असे.

दुपारची भाकरी खायला खाणीत दगडी खोपटे असत. त्याला ते काबान म्हणत. इथे नुसते खाणे होत नसे. एक जण अध्यक्ष होई, एक चिटणीस होई. कोणी वर्तमानपत्र वाचून दाखवी. कोणी कविता म्हणे. कधी धर्मावर, कधी राज्यकारभारावर वाद चाले. बोलणाऱ्याने बोलायचे, बाकीच्यांनी मधे तोंड घालायचे नाही, असा नियम असे. अर्ध्या तासाची ही शाळा. फी नाही, मास्तर नाही.

या शाळेचे फळ काय मिळाले ते बघा. १८७४ साली तिथल्या खाणकामगारांनी आपली संघटना काढली. आणि १८८४ साली जवळच्या बँगोर शहरात विद्यापीठाचे कॉलेज निघाले, तेव्हा याच कामगारांनी आपल्या मजुरीतून पैसा पैसा बाजूला काढून त्याला वर्गणी दिली. स्वतः त्या कॉलेजात शिकायला जाणे त्यांना शक्य नव्हते. तरी दिली. आम्ही आयुष्यभर मुलांना शिकवले, पण शिक्षणाची एवढी चाड असलेली माणसे थोडी पाहिली.

तीन वर्षांचा संप

मालकाला संघटना खपली नाही. लॉर्ड पेनरिन म्हणे, माझ्या खाणीत माझ्या आणि कामगारांच्या मधे तिसरा कोणी नको. खाणीच्या आवारात संघटनेची वर्गणी गोळा करायला त्याने बंदी केली. टोळीने काम घ्यायची जुनी पद्धत मोडून ठेकेदार घालायचे चालले होते. शेवटी २२ नोव्हेंबर १९०० रोजी सुमारे २,८०० माणसे हत्यारे खाली ठेवून खाणीबाहेर पडली.

तो संप तीन वर्षे चालला! ब्रिटनच्या इतिहासात एवढे लांबलेले संप फार थोडे. गावातल्या बायांनी आणि पुरुषांनी गाण्याची पथके केली आणि इंग्लंडभर गाणी म्हणत मदत गोळा केली. पुष्कळ जण घर सोडून दक्षिणेला कोळशाच्या खाणीत गेले.

१९०१ च्या जूनमध्ये मालकाने खाण उघडली. चारएकशे माणसे कामावर परतली. प्रत्येकाला एक सोन्याचे नाणे मिळाले. तेव्हा बाकीच्यांनी आपापल्या घराच्या खिडकीत पाट्या लावल्या. अर्थ असा, की या घरात कोणी फितूर नाही. ज्या घरातली पाटी निघे, त्या घराशी शेजारी बोलणे टाकी. भाऊ भावाला पारखा झाला. १९०३ च्या नोव्हेंबरात संप मोडला. मालक जिंकला, असे कागदावर म्हणता येईल. पण गिऱ्हाइके दुसरीकडे गेली होती, पुढे स्वस्त कौले आली, आणि दगडाचा तो भरभराटीचा काळ परत आला नाही. गावातली फूट मात्र नातवंडांपर्यंत पोचली.

मजुरांनी हट्ट करू नये, असा धडा कोणी यातून काढील. आम्हांला तो पटत नाही. पोटाला चिमटा घेऊन तीन वर्षे ते मागत होते काय? एकत्र बसून बोलण्याचा हक्क. तो हक्क आज जगात बहुतेक ठिकाणी कायद्याने मान्य आहे.

धूळ आणि चहा

आणखी एक गोष्ट. पाटीचा दगड कापताना बारीक धूळ उडते. ती छातीत बसते. माणसाला धाप लागते आणि फुप्फुस दगडासारखे निबर होते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्या काळी खाणमालकांच्या पगारावर असलेले काही डॉक्टर म्हणत, की धुळीने काही होत नाही. हे लोक चहा फार वेळ उकळत ठेवतात, त्याने आजारी पडतात! कामगारांना माहीत होते की हे खोटे आहे. पण त्यांचा शब्द कोण ऐकणार? धुळीने आजारी झालेल्या या कामगारांना भरपाई देणारा कायदा १९७९ साली झाला. तोवर कितीतरी जण मातीआड गेले होते.

ही गोष्ट दूरची समजू नका. पाटीवर लिहायच्या पेन्सिली मध्य प्रदेशात मंदसोरला होत. ती पेन्सिल कापणारे कितीतरी कामगार याच रोगाने ऐन उमेदीत गेले. आपल्याकडे खडीच्या मशिनीवर, दगडखाणीत हीच धूळ उडते. म्हणून सांगतो. तोंडाला नुसते फडके बांधून ही धूळ अडत नाही. दगडावर पाणी मारून काम करावे, म्हणजे धूळ जागीच बसते. पाण्याची सोय करणे हे मालकाचे काम आहे, उपकार नव्हेत. खोकला आणि धाप राहिली, तर सरकारी दवाखान्यात जावे आणि आपण दगडाचे काम करतो हे डॉक्टरला आधी सांगावे. हा कामामुळे होणारा रोग म्हणून कायद्याने मानलेला आहे. भरपाई मागता येते.

पाहुणे आले

आता बेथेस्डाचे आजचे रूप बघू. गावाच्या मागे एरिरी नावाचे डोंगर आहेत. इंग्रजीत त्यांना स्नोडोनिया म्हणत. १९५१ साली सरकारने ते राखीव राष्ट्रीय उद्यान केले. १९५३ साली एव्हरेस्ट शिखर सर झाले, त्या मोहिमेतल्या ब्रिटिश गिर्यारोहकांनी याच डोंगरांत सराव केला होता. कडे चढायला, पायी हिंडायला लोक पूर्वीपासून येत. २०१३ साली खुद्द पेनरिन खाणीवर एका कंपनीने लोखंडी तार बांधली. पट्ट्याने बांधलेला माणूस पालथा होऊन त्या तारेवरून खाणीवरून सुसाट जातो. वेग ताशी १६० किलोमीटरपर्यंत! ज्या कड्यावर पणजोबा पोटासाठी लोंबकळले, तिथे आज लोक पैसे देऊन मौजेने लोंबकळतात. काळाची गंमत आहे. २०२१ साली युनेस्कोने या भागातला पाटीच्या दगडाचा सारा मुलूख जागतिक वारसा ठरवला.

पाहुणे आले की रोजगार येतो, हे खरे. पण पाहुण्यांबरोबर दुसरे प्रश्नही येतात. बाहेरचे श्रीमंत लोक सुट्टीसाठी घरे घेतात, किमती चढतात आणि गावच्या तरुण जोडप्याला घर परवडेनासे होते. म्हणून त्या जिल्ह्याच्या कौन्सिलने २०२३ सालापासून सुट्टीपुरत्या घरावर अडीचपट घरपट्टी लावली.

बेथेस्डाच्या लोकांनी आणखी एक काम केले. त्यांनी आपसांत भाग विकून भांडवल जमवले आणि ओग्वेन नदीच्या पाण्यावर वीज करणारे छोटे केंद्र काढले. २०१७ सालापासून ते चालू आहे. खर्च आणि भागीदारांचे व्याज जाऊन जे उरते, ते गावाच्या कामाला लागते. केंद्र लहान आहे. पण एके काळी ज्या गावाचे स्वतःचे म्हणून काही नव्हते, त्या गावाचे हे स्वतःचे आहे.

यातून आपण काय घ्यावे?

दगड काढला की परत उगवत नाही. पाहुणा आज येतो, उद्या दुसरीकडे जातो. दोन्ही धंदे वाईट नाहीत. पण दोहोंच्या वेळी गावाने एकच प्रश्न विचारावा: यातले गावात काय राहणार? खाणीचा परवाना मिळतो, डोंगरावर हॉटेल उठते, तेव्हा ग्रामसभा असते. तिथे कागद वाचला जातो. अंगठा उठवणारा माणूस तो कागद नुसता ऐकतो. वाचणारा माणूस म्हणतो, थांबा, ही ओळ पुन्हा वाचू द्या. आता आपण वाचणाऱ्यांत आलो आहोत. ही ओळ पुन्हा वाचायला मागत चला.

विचार करा आणि एकमेकांत बोला

१. १७८२ सालापूर्वी डोंगरातला दगड कोण काढी? नंतर काय बदलले?

२. कामगार खोपटात बसून काय करीत? आपल्या गावात असे बसायला जागा कोणती?

३. धुळीपासून बचाव कसा करावा? तो कोणी करावा?

४. आपल्या गावाजवळ खाण किंवा सहलीची जागा आहे काय? तिचे उत्पन्न कोठे जाते, ते ग्रामपंचायतीत विचारून पाटीवर लिहा.