दुसऱ्याच्या शिकारीत शिकलेलं

‘मॉन्स्टर हंटर’चा पहिला खेळ कॅपकॉमने २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर आणला. माझी ओळख झाली ती ‘वर्ल्ड’शी, ऑगस्ट २०१८ मध्ये तो पीसीवर आल्यानंतर. चौदा प्रकारची शस्त्रं, आणि प्रत्येकाची चाल इतकी निराळी की शस्त्र बदललं की नवाच खेळ हाती आल्यासारखं वाटतं. एकटीने खेळून शस्त्र कसं चालवायचं ते कळलं. ते कशासाठी बनवलंय हे उमगलं एसओएस फ्लेअर, म्हणजे मदतीची हाक, बघून अनोळखी शिकाऱ्यांच्या मदतीला जायला लागल्यावर. नवख्यांना मी हेच सांगत असते.

१. पडद्यावरच्या आकड्यावर शस्त्र निवडू नका.

‘वर्ल्ड’मध्ये सुरुवातीची लोखंडी ग्रेट स्वॉर्ड ३८४ मार दाखवते आणि तशाच ड्युअल ब्लेड्स ११२. नवखा साहजिकच पहिली उचलतो. पण हे आकडे फुगवलेले असतात: ग्रेट स्वॉर्डचे ४.८ पटीने, ड्युअल ब्लेड्सचे १.४ पटीने. भागून बघा, दोन्हींचा खरा मार ८० च निघतो. फरक आहे तो वाराच्या जडपणात. एक शस्त्र संधीची वाट बघून एकदाच पडतं, दुसरं त्याच वेळात कितीतरी वेळा.

त्यावर धारेचं गणित. पिवळ्या धारेला मार आहे तेवढाच राहतो, हिरवीला १.०५ पट, निळीला १.२ पट, पांढरीला १.३२ पट होतो, आणि लाल धारेवर निम्मा. मदतीला गेल्यावर मला सर्वांत जास्त दिसतं ते हेच: होस्ट, म्हणजे हाक देणारा शिकारी, जीव तोडून लढतोय, वार मात्र टणकन उलटताहेत, कारण धार कधीच उतरलीय. आपण मॉन्स्टरला दुसऱ्या बाजूला गुंतवायचं आणि त्याला धार लावायला उसंत द्यायची. पुष्कळदा एवढ्यावरच शिकार मार्गी लागते.

२. चौघांत प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

शेपटी तुटते ती कापणाऱ्या शस्त्रानेच. हॅमर आणि हंटिंग हॉर्न डोक्यावर बसले की मॉन्स्टरला घेरी येते. म्हणून हॅमरवाला असेल तर डोकं त्याला सोडावं आणि तलवारवाल्याने शेपटीकडे जावं. रेथियनची शेपटी तुटली की तिचा पल्ला कमी होतो आणि नवख्या होस्टला जवळ जायचा धीर येतो. यात बोलणं लागत नाही. समोरच्याच्या हातात काय आहे एवढं बघितलं की पुरतं. भाषा न कळणाऱ्या जपानी किंवा ब्राझिलियन शिकाऱ्यांबरोबरही हे जमतं, याचा मला फार आनंद वाटतो.

३. एकट्याने घोटलेली लय चौघांत मोडते, आणि मोडू द्यावी.

चार्ज ब्लेड माझं आवडतं शस्त्र. ते २०१३ च्या ‘मॉन्स्टर हंटर ४’ मध्ये इन्सेक्ट ग्लेव्हबरोबर आलं. तलवारीचे वार करत ऊर्जा साठवायची. खूण पिवळी झाली की भरल्यावर तीन कुप्या मिळतात, लाल झाली की पाच. त्यापुढेही भरत राहिलात तर तलवार मॉन्स्टरच्या अंगावरून उसळते. कुप्या आधी ढालीत ओतायच्या, मग पुन्हा भरून कुऱ्हाडीच्या एकाच प्रचंड वारात सगळ्या उडवायच्या. शिवाय शस्त्र बदलताना काही क्षण ढाल बरोबर समोर येते. त्या क्षणी मॉन्स्टरचा फटका झेलला तर बचावातूनच प्रतिहल्ला निघतो. हे सगळं बोटांत मुरायला फार दिवस लागतात, आणि मुरलं की त्याच्यासारखं सुख नाही.

पण हा सगळा अभ्यास एका गृहीतकावर उभा असतो: मॉन्स्टरचं लक्ष माझ्याकडे आहे. एकटं खेळताना तसंच असतं. तो वळला की तोंड माझ्या दिशेला, झेपावला की माझ्यावर. चौघांत तो क्षणात उत्तरेला वळतो, क्षणात दक्षिणेला, आणि माझा पाच कुप्यांचा वार हवेत फुटतो. इथेच खरा धडा मिळतो. मोठा वार राखून ठेवावा. कुणीतरी सापळा लावेल, कुणी त्याच्या पाठीवर चढेल, कुणाच्या हॅमरने तो आडवा होईल, तेव्हा काढावा. तोवर नुसत्या तलवारीने काम करावं. आपल्या शस्त्राची संधी दुसऱ्याच्या शस्त्रातून येते, हे चार्ज ब्लेडने मला जितकं नीट शिकवलं तितकं दुसऱ्या कशानेही नाही.

४. तुमची तलवार सोबत्यालाही लागते.

त्याचा जीव कमी होत नाही, पण वार तुटतो. लाँग स्वॉर्डचे रुंद वार शेजारच्याला अडखळवतात. ग्रेट स्वॉर्डचा खालून वर जाणारा वार माणसाला सरळ हवेत उडवतो. फ्लिंच फ्री या कौशल्याची एक पायरी अंगावर असली की अडखळणं थांबतं, आणि त्यासाठी ब्रेस ज्वेल हे एक रत्न पुरतं. जुन्या खेळाडूने ते बसवूनच मदतीला जावं. नवख्याकडे ते असणार नाही, म्हणून रुंद वारवाल्यानेच त्याच्यापासून दूर उभं राहावं.

५. मॉन्स्टर झोपला की हात आवरा.

हे मी पुन्हापुन्हा सांगते. झोपलेल्या मॉन्स्टरवर पडणारा पहिला घाव ‘वर्ल्ड’मध्ये दुप्पट लागतो. फक्त पहिला. चौघांपैकी कुणी उत्साहाच्या भरात छोटी तलवार मारली तर ती दुप्पट होऊन वाया जाते आणि मॉन्स्टर जागा होतो. त्यामुळे सगळ्यांनी थांबावं, शस्त्रं म्यान करावीत, धार लावावी, औषध प्यावं, जवळ असतील तर डोक्यापाशी बॅरल बॉम्ब ठेवावेत आणि पहिला घाव ग्रेट स्वॉर्डवाल्याला द्यावा.

त्यातही एक बारकावा आहे. ग्रेट स्वॉर्डचा ट्रू चार्ज्ड स्लॅश दोन घावांचा असतो, पहिला हलका आणि दुसरा जबरदस्त. हलका घाव आधी लागला तर दुप्पट मार त्यालाच मिळतो. जाणता खेळाडू म्हणून दोन पावलं मागे उभा राहतो. पहिला घाव मोकळा जातो आणि दुसरा डोक्यावर पडतो. नवख्या होस्टला यातलं काही माहीत नसतं. त्याच्या आणि मॉन्स्टरच्या मध्ये आपण शस्त्र न उगारता उभं राहिलं, एखादं थांबण्याचं स्टिकर पाठवलं, की तोही थांबतो. पुढच्या शिकारीत तो आपणहून थांबलेला दिसला तर मला स्वतःच्या विजयापेक्षा जास्त समाधान वाटतं.

६. मदतीला आलेला माणूस ओझंही आणतो.

दुसरा शिकारी आला की मॉन्स्टरचा जीव वाढतो. ‘वर्ल्ड’ आला तेव्हा दोघं असोत की चौघं, वाढ सारखीच होती. २०१९ च्या ‘आइसबोर्न’ या विस्तारापासून दोघांसाठी वेगळं, सौम्य मोजमाप आलं. बहुतेक क्वेस्टमध्ये तीनदा कोसळलं की शिकार फसते, आणि ही तीनची मर्यादा सगळ्यांत मिळून असते. मदतनीस बेफिकिरीने पडला तर तो होस्टचीच संधी खर्च करतो. म्हणून माझ्या पिशवीत लाइफपावडर भरपूर असते, जवळच्या सगळ्यांचा जीव ती एकदम भरून काढते. स्वॉर्ड अँड शील्ड घेतली तर शस्त्र म्यान न करताही ती उधळता येते. मदतीच्या शिकारीसाठी याहून सोयीचं शस्त्र मला माहीत नाही. हंटिंग हॉर्न दुसरं.

कथेच्या क्वेस्टमध्ये होस्टने तिथलं दृश्य पाहून झाल्याशिवाय कुणाला आत येता येत नाही. हाक उशिरा आली म्हणून होस्टवर वैतागू नये.

७. नवख्याची शिकार त्याच्या हातून हिसकावू नका.

अँजनाथ हा बऱ्याच जणांना अडवणारा पहिला डोंगर. आग ओकतो, झेपावतो, पळू देत नाही. वरच्या पायरीचं चिलखत आणि शस्त्र घेऊन गेलं तर त्याला लोळवायला वेळ लागत नाही. होस्टला कातडी मिळते, शिकायला काहीच मिळत नाही, आणि पुढचा मॉन्स्टर त्याला पुन्हा तिथेच अडवतो. सुरुवातीलाच मिळणाऱ्या बलाढ्य ‘डिफेंडर’ शस्त्रांबद्दलही माझी हीच तक्रार आहे. कथा भराभर संपवायला ती ठीक, पण एकेक शस्त्र घडवत वर चढण्याची सगळी गंमत ती गिळून टाकतात.

मी मुद्दाम कमी ताकदीचं शस्त्र नेते. अंग पेटलं की लोळण घ्यायची किंवा पाण्यात शिरायचं, हे होस्टसमोर करून दाखवते. अँजनाथला पाण्याचं शस्त्र झोंबतं, हे त्याला माझ्या हातातल्या शस्त्रावरून कळतं.

८. कोणी नसेल तर संगणकाच्या सोबत्यांकडे बघा.

याच मालिकेतल्या २०२२ च्या ‘सनब्रेक’मध्ये संगणकाच्या सोबत्यांबरोबरच्या फॉलोअर क्वेस्ट आल्या: धनुष्यवाली हिनोआ, भालेवाली मिनोटो, फिओरेन. त्यानंतरच्या ‘वाइल्ड्स’मध्ये हाक मारल्यावर माणूस आला नाही तर अलेसा, मिना, रोसो येतात. नवं शस्त्र हाती घेतलंत की तेच शस्त्र चालवणारा सोबती निवडा आणि तो कधी वार करत नाही ते बघा. मिनोटो ढाल धरून किती वेळ नुसती उभी असते हे पाहिल्याशिवाय भाला कळत नाही.

९. पकडायचं की मारायचं, हे होस्ट ठरवेल.

नकाशावर कवटी दिसली की सापळा आणि दोन ट्रँक बॉम्ब टाकून पकडता येतं, एल्डर ड्रॅगन सोडून. पण होस्टला कापून मिळणारी वस्तू हवी असेल. तो सापळा लावत नसेल तर आपणही लावू नये.

आणि मारलाच, तर पुढे एक मिनिटच मिळतं. बरेच नवखे धडच कापत बसतात. तुटलेली शेपटी दूर कुठेतरी पडलेली असते आणि तीही कापायची असते, हे त्यांच्या गावीही नसतं. शेपटी तुटली की त्याच वेळी नकाशावर खूण करून ठेवा, आणि शिकार संपताच आधी तिकडे धावा, म्हणजे होस्ट मागोमाग येतो.