बोलायचे ते बैठकीतच



बैठक शांततेत पार पडली की आपण समाधानाने घरी निघतो. पण खरी चर्चा सुरू होते ती गेटबाहेर. 'मला तर ते पटलेच नव्हते!' मग आत का बोलला नाहीत?

अशा गप्प बसण्याची किंमत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मोजावी लागली. एप्रिल १९६१ मध्ये त्यांच्या सरकारने सुमारे १,४०० निर्वासित क्यूबन लढवय्यांना क्यूबात उतरवले. तीन दिवसांत मोहीम फसली. सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांना ती चूक वाटत होती. त्यांनी केनेडींना तसे लिहूनही दिले होते. पण भरल्या बैठकीत ते गप्प राहिले. त्याची खंत त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात व्यक्त केली.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आढळली. अणुयुद्ध दाराशी आले. सुरुवातीला अनेकांचा कल हवाई हल्ल्याकडे होता. या वेळी केनेडींनी पद्धत बदलली. आपल्यासमोर माणसे मोकळेपणाने बोलत नाहीत हे ओळखून काही बैठकांना ते मुद्दाम गेले नाहीत. सल्लागारांचे गट झाले. काहींनी हल्ल्याची योजना लिहिली, काहींनी सागरी नाकेबंदीची. मग कागदांची अदलाबदल करून त्यांनी एकमेकांच्या योजनेतील उणिवा दाखवल्या आणि प्रत्येक गटाने आपली योजना सुधारली. वाद कडाक्याचे झाले. पण टीका कागदावर होती, माणसावर नव्हती. अखेर नाकेबंदीचा निर्णय झाला. पडद्याआड वाटाघाटीही झाल्या आणि २८ ऑक्टोबरला सोव्हिएत युनियनने क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे मान्य केले.

आता आपल्याकडे पाहू. मी कबूल करतो, पॅरिश कौन्सिलमध्ये मी आधी माझे मत सांगतो आणि मग विचारतो, 'कोणाला काही म्हणायचे आहे?' उत्तर येते, 'फादर म्हणतात तसे करू.' यात दोष उत्तर देणाऱ्यांचा नाही, माझा आहे.

म्हणून पुढील बैठकीपासून तीन गोष्टी पाळू या :

१. अध्यक्षाने सर्वांत शेवटी बोलावे. सुरुवात मी माझ्यापासून करतो.

२. मोठ्या खर्चाचा विषय असेल तेव्हा दोघांनी विरोधी बाजू लिहून आणावी, मग त्यांचे स्वतःचे मत काहीही असो.

३. 'तुमचे चुकते' असे न म्हणता 'या योजनेत ही अडचण आहे' असे म्हणावे.

एकदा निर्णय झाला की तो सर्वांचा. घरी, बचत गटात, सोसायटीतही हे करून पाहा. मतभेद झाले म्हणून घर मोडत नाही. ते मनात साठले की मोडते.

आपला,
प्रमुख धर्मगुरू