संघ मालकाचा, साख लोकांची

व्यापाराच्या पानावर क्रिकेट कशाला, असे काही वाचक बंधू विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण आम्ही येथे खेळाविषयी लिहीत नसून मालक आणि गिऱ्हाईक यांच्या नात्याविषयी लिहीत आहोत. हे नाते बिघडले म्हणजे काय होते, याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे पुण्याचे दोन क्रिकेट संघ.

गेल्या उन्हाळ्यात कापड बाजारातील आमच्या दुकानी एक गृहस्थ आपल्या लहान मुलाला घेऊन आले. मुलाला क्रिकेटचा टी-शर्ट हवा होता. मुंबईचा निळा दाखविला, चेन्नईचा पिवळा दाखविला; त्याला दोन्ही नको. "पुण्याचा द्या," म्हणाला. बाप हसून म्हणाला, "अरे, पुण्याची टीम राहिली कुठं? दोनदा आली, दोनदा गेली." मूल हिरमुसले आणि काहीच न घेता गेले. तेव्हापासून ही गोष्ट आमच्या डोक्यात घोळत आहे.

आपल्या जिल्ह्याला क्रिकेट परके नाही. श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे हे दोघे आपल्याच मातीतले. त्यामुळे पुण्याला संघ मिळाला तेव्हा नगरच्या माणसालाही तो आपलाच वाटला. आता त्याचा हिशेब पाहू.

पहिला संघ : मोठी बोली, छोटा हात

आय.पी.एल.च्या दोन नव्या संघांचा लिलाव मार्च २०१० मध्ये झाला. पुण्यासाठी सहारा समूहाने सुमारे १७०२ कोटी रुपयांची बोली लावली. ही रक्कम दहा वर्षांत, म्हणजे दरसाल सुमारे १७० कोटी अशी भरावयाची होती. 'पुणे वॉरियर्स' नावाने संघ २०११ साली उतरला. नाव पुण्याचे, पण पहिल्या वर्षी घरचे सामने झाले नवी मुंबईत. गहुंजे येथील मैदान एप्रिल २०१२ मध्ये खुले झाले, तेव्हा कुठे पुणेकरांना आपला संघ आपल्या अंगणात दिसला.

मैदानावरची कामगिरी अशी : २०११ साली दहा संघांत नववा, २०१२ साली नऊ संघांत शेवटचा, २०१३ साली नऊ संघांत आठवा. तिन्ही वर्षी जिंकलेले सामने प्रत्येकी चार. युवराजसिंग, सौरव गांगुली अशी मोठी नावे होती, पण घडी बसली नाही. २०१३ च्या एकाच हंगामात कर्णधार वारंवार बदलले.

हरण्याचे लोकांना फारसे वाईट वाटले नाही. हार-जीत खेळात चालायचीच. वाईट वाटले ते मालक आणि क्रिकेट मंडळ यांच्या भांडणाचे. मालकाचे म्हणणे असे की, बोली ९४ सामन्यांचा हिशेब धरून लावली होती, प्रत्यक्षात सामने कमी मिळाले, तेव्हा रक्कम कमी करा. मंडळ मानले नाही. मे २०१३ मध्ये मंडळाने बँक हमीची रक्कम वटविली आणि मालकाने संघ काढून घेत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये मंडळाने करार रद्द केला.

या भांडणात कायद्याने कोण बरोबर, हे ठरविण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. भांडण दोघांचे होते; एक विकणारा आणि एक घेणारा. तीन वर्षे उन्हात रांगा लावून तिकीट काढणारा माणूस त्या कागदावर कुठेच नव्हता. त्याला कुणी विचारलेही नाही.

दुसरा संघ : दोन वर्षांचे भाडेकरू

सट्टेबाजीच्या प्रकरणात चेन्नई व राजस्थान या संघांवर २०१५ साली दोन वर्षांची बंदी आली. त्यांच्या जागी दोन वर्षांपुरते दोन संघ घ्यावयाचे ठरले. या वेळचा लिलाव उलटा होता. मंडळाने आपल्या तिजोरीतून जास्तीत जास्त किती द्यावयाचे ते ठरविले आणि त्याहून कमी मागणाऱ्याला संघ मिळणार होता. कोलकात्याच्या गोयंका समूहाने काही मागितले तर नाहीच, उलट मंडळालाच दरसाल १६ कोटी रुपये देऊ केले आणि पुण्याचा संघ घेतला.

२०१६ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. मैदानाला पाणी घालण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि मे महिन्यातील बहुतेक सामने राज्याबाहेर गेले. पुण्याचे उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला झाले. आपल्या जिल्ह्यात तेव्हा टँकरच्या मागे लोक धावत होते, म्हणून त्या निर्णयाची तक्रार आम्ही करणार नाही. संघ सातवा आला.

फेब्रुवारी २०१७ मध्ये मालकांनी महेंद्रसिंग धोनीला कर्णधारपदावरून काढून स्टीव्ह स्मिथला नेमले. लोक संतापले. पुढे मालकांच्या घरच्याच मंडळींकडून धोनीविषयी जाहीर टिप्पणी झाली आणि आगीत तेल पडले. गंमत अशी की, धंद्याच्या हिशेबाने निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. त्या वर्षी संघ अंतिम सामन्यात पोहोचला. २१ मे २०१७ रोजी हैदराबादेत मुंबईने १२९ धावा केल्या आणि पुणे १२८ वर थांबले. एका धावेने चषक हुकला. आपल्या रहाणेने त्यात ४४ धावा केल्या होत्या. त्यानंतर मुदत संपली आणि संघ विसर्जित झाला. सामना हरल्याच्या दुःखावर पुढच्या वर्षीची आशा हे औषध असते; पुण्याच्या लोकांना तेही मिळाले नाही.

मालकाला लोकांची गरज का भासत नाही?

येथे धंद्याची रचना समजून घ्यावी लागेल. आपल्या दुकानाची सारी मिळकत समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या खिशातून येते. क्रिकेट संघाचे तसे नाही. सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क मंडळ एकत्र विकते आणि त्यातील वाटा सर्व संघांना मिळतो. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८ हजार कोटींहून अधिक रकमेला गेले. या रकमेपुढे मैदानावरच्या माणसाचे तिकीट म्हणजे समुद्रात ओंजळभर पाणी. म्हणून घरचा प्रेक्षक रुसला तरी गल्ला लगेच रिकामा होत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. आमच्या दुकानातला भाव पटला नाही तर गिऱ्हाईक चार पावले चालून समोरच्या दुकानात जाते. संघाच्या चाहत्याला समोरचे दुकानच नाही. ज्याचे मन एका संघावर बसले, तो दुसऱ्या दिवशी दुसरा संघ धरू शकत नाही. तो चिडतो, ओरडतो, पण जात नाही. २०२४ साली मुंबईच्या वानखेडेवर हेच दिसले. रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केल्याबद्दल लोक आपल्याच संघाच्या कर्णधाराची हुर्यो उडवीत होते. संघ त्या वर्षी शेवटचा आला. तरी हुर्यो उडविण्यासाठीसुद्धा लोक तिकीट काढूनच आले होते!

अमेरिकेतील सिएटल शहराची कथा याहून कडवी आहे. तेथील 'सुपरसॉनिक्स' हा बास्केटबॉलचा संघ १९६७ पासूनचा. १९७९ साली तो अजिंक्य ठरला होता. मालकांनी सरकारी पैशाने नवे सभागृह मागितले, ते मिळाले नाही. २००६ साली त्यांनी ३५ कोटी डॉलरला संघ दुसऱ्या शहरातील धनिकांना विकला आणि २००८ साली तो ओक्लाहोमा सिटीला गेला. लोकांनी मोर्चे काढले, शहर न्यायालयात गेले. अखेरीस तडजोड झाली. नव्या मालकांनी शहराला साडेचार कोटी डॉलर दिले आणि संघाचे नाव व रंग सिएटललाच राहिले. खेळाडू गेले, नाव राहिले.

जेथे लोकच धनी आहेत

याला उपाय नाही असे नाही. अमेरिकेतच ग्रीन बे नावाचे जेमतेम लाखभर वस्तीचे गाव आहे. तेथील फुटबॉल संघाचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. त्या भागावर लाभांश नाही, तो नफ्याने विकता येत नाही, आणि एका माणसाला ठराविक संख्येपेक्षा जास्त भाग घेता येत नाहीत. १९१९ पासून संघ गाव सोडून गेलेला नाही. जर्मनीत काही अपवाद सोडले तर फुटबॉल संघातील निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हातीच राहावीत, असा नियम आहे.

आपल्या जिल्ह्याला ही कल्पना नवी वाटू नये. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली साखर कारखाना उभा केला तो याच तत्त्वावर. ऊस घालणारा तोच मालक. मात्र भाग हाती असले म्हणजे सारे साधले असेही नाही. सभासद झोपले तर सहकारी कारखानाही आजारी पडतो आणि विकला जातो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मालकी कागदावर कुणाची, याइतकेच लक्ष कोण ठेवतो, हेही महत्त्वाचे.

आणि खासगी मालकीतही नाते जपता येते. एप्रिल २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याला हलविले गेले. तेव्हा चेन्नईच्या संघाने आपल्या चाहत्यांना पुण्याला आणण्यासाठी खास रेल्वेगाडी सोडली. दोन वर्षांच्या बंदीनंतरही लोक त्या संघाला का सोडून गेले नाहीत, याचे उत्तर अशा वागण्यात आहे.

आमच्या दुकानाची गोष्ट

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या, आता स्वतःची सांगतो. २००८ साली आम्ही वडिलांचे दुकान नवे केले. काच लावली, पंख्यांच्या जागी एअर कंडिशनर आला, गादी काढून काउंटर बसविले. वडिलांच्या वेळचे जुने विक्रेते उर्दू-मराठी मिसळून बोलत आणि दर लग्नघराची नाती त्यांना पाठ असत. ते नव्या दुकानात शोभणार नाहीत म्हणून त्यांना आम्ही घरी बसविले. कांद्याचे पैसे येईपर्यंत बस्ता उधार देण्याची रीतही बंद केली. दुकान आमचे, पैसा आमचा, कुणाला विचारायचे?

कुणी एका शब्दाने तक्रार केली नाही. आम्ही खूष होतो. दोन लग्नसराया उलटल्यावर जुनी खातेवही चाळली, तेव्हा जेऊर, चिचोंडी, तिसगाव या बाजूंची निम्मी नावे दिसेनाशी झाली होती. ती माणसे भांडली नाहीत, गेली.

एकच म्हातारा शेतकरी आला आणि दारातूनच गरजला, "शेठ, दुकान लई झ्याक केलं. पण बसायचं कुठं? म्हातारीला काचेवर बसवू का?" त्या वेळी आम्हाला राग आला. रात्री झोप आली नाही. दुसऱ्या आठवड्यात गादी परत घातली आणि त्या जुन्या विक्रेत्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते आले. गेलेल्या गावांपैकी काही परतली, सगळी नाही.

आज पुन्हा तसाच प्रसंग आहे. परगावची एक मोठी कंपनी आमचे दुकान मागते आहे; जागा, माल आणि वर वडिलांच्या नावाची पाटीसुद्धा. रक्कम चांगली आहे आणि मुलांना ती पटते. मुलांचे चुकते असे आम्ही म्हणत नाही. त्यांना त्यांचे आयुष्य आहे. पण सौदा करण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात, असे आम्ही त्यांना सांगितले. त्याच येथे देतो.

व्यापाऱ्याने काय घ्यावे

१) ओरडणारे गिऱ्हाईक अजून आपले आहे. त्याच्या रागाला वैर समजू नये. गप्प राहणाऱ्याची चौकशी करावी; वर्षातून एकदा खातेवहीतून न आलेल्यांची यादी काढावी.

२) बोली लावताना झेपेल तेवढीच लावावी. मालकाचा अंदाज चुकला तर भुर्दंड नोकरांना आणि गिऱ्हाइकांनाही पडतो.

३) बदल करावा, पण ज्यांच्यावर तो होणार त्यांना आधी सांगावा. निर्णय बरोबर असूनही तो सांगण्याची रीत चुकली तर साख जाते.

४) विकताना काय विकतो आहोत याची वेगवेगळी यादी करावी. गाळा आपला, माल आपला. पण पाटीवरचे नाव ज्या भरवशावर मोठे झाले, तो भरवसा लोकांनी ठेवलेली अमानत आहे. सिएटलच्या तडजोडीत नाव मागे ठेवले गेले. आम्हीही मुलांना म्हटले आहे की, सौदा करायचाच तर पाटी उतरवून घरी आणा.

मुलांनी अजून उत्तर दिलेले नाही. कंपनीची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. त्या मुलाला हवा असलेला पुण्याचा टी-शर्ट मात्र आम्ही कुठूनही आणून देऊ शकत नाही.