लाईन वेगवान, काम मंद

रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत सळया बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कचेरीतली ही गोष्ट. फाटकाशी नागपूरला निघालेला भरलेला ट्रक उभा होता. पन्नास हजार रुपयांवरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर ई-वे बिल लागतं, आणि त्याचं संकेतस्थळ काही केल्या उघडेना. गंमत म्हणजे, आठवड्यापूर्वीच त्यांनी जुनी कंपनी सोडून दुप्पट वेगाची लाईन घेतली होती.

अशा वेळी तक्रार नीट ऐकावी. ‘नेट स्लो आहे’ यातून काहीच कळत नाही. मी शेजारी बसून पाहिलं, तर पान काही सेकंद कोरं राहायचं आणि मग एकदम भरभर उघडायचं. मोठी फाईलही झटकन उतरत होती. म्हणजे रस्ता मोकळा होता, वेळ पत्ता विचारण्यात जात होता.

हा पत्ता सांगतो डीएनएस सर्व्हर. आपण नाव लिहितो, संगणकाला मात्र आकडे लागतात. पूर्वी सगळ्या नावांची एकच यादी अमेरिकेत ठेवलेली असे. ती आवरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ही वाटून दिलेली व्यवस्था मांडली.

तपासणी सोपी आहे. आधी ‘पिंग ८.८.८.८’ दिलं. उत्तर लगेच आलं. मग नावाने पिंग केलं, तर पहिली ओळ यायलाच वेळ लागला. शेवटी ‘एनएसलुकअप’ने तेच नाव आधी कचेरीच्या सर्व्हरला, मग थेट ८.८.८.८ ला विचारलं. पहिला अडखळला, दुसऱ्याने तत्काळ सांगितलं.

कचेरीचा सर्व्हर बाहेरची नावं स्वतः शोधत नव्हता. ती पुढे विचारायची (याला फॉरवर्डर म्हणतात) आणि त्या यादीत अजून जुन्या कंपनीचेच पत्ते होते. ती कंपनी आता या ग्राहकाला ओळखत नव्हती. उत्तरच देत नव्हती. सर्व्हर वाट पाहून थकला की मुळापासून शोध घेई. एकदा मिळालेलं उत्तर तो काही काळ लक्षात ठेवतो, म्हणून सकाळी रखडणारं पान दुपारी ठीक चाले, आणि दुपारी आलेल्या तंत्रज्ञाला दोष दिसतच नसे!

दोन पत्ते बदलले. पाच मिनिटांचं काम. बिल निघालं, ट्रक गेला.

पण एक गोष्ट कॅडेटांनी नीट समजून घ्यावी. मी येण्यापूर्वी कुणीतरी तीन संगणकांवर परस्पर ८.८.८.८ घातलं होतं. त्यांचं इंटरनेट पळू लागलं, पण हिशोबाचा सर्व्हर सापडेना. आतल्या यंत्रांची नावं फक्त कचेरीच्या सर्व्हरला ठाऊक असतात. बाहेरचा म्हणतो, ‘असं नाव नाही’. इथेच बरेच जण फसतात. ‘नाही’ हेही उत्तरच असतं, आणि ते मिळालं की संगणक दुसऱ्या सर्व्हरला विचारत नाही. समोरून काहीच आलं नाही, तरच तो पुढच्याकडे वळतो. म्हणून आतला पहिला आणि बाहेरचा दुसरा अशी जोडीही भरवशाची नाही. संगणकांना आतलाच द्यावा, बाहेरचं त्याने पाहावं.

त्या तिघांपैकी दोन संगणक मी पूर्ववत केले. तिसरा कपाटामागे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासाठी पुन्हा फोन आला.