चांदी खाली, खुणा वर

‘जिऑलॉजी घेऊन दगडच फोडायचे का?’ बारावीच्या पालकांचा हा ठरलेला प्रश्न. दगड फोडायचेच असतात. पण पगार मिळतो तो कुठला फोडायचा हे ओळखण्याचा.

मेक्सिकोतलं फ्रेस्नियो घ्या. सोळाव्या शतकापासून तिथे चांदी निघते. पण गेल्या पन्नासेक वर्षांत सापडलेल्या तिथल्या काही मोठ्या शिरा जमिनीवर कुठेच डोकावत नाहीत. त्या बनल्या अशा: खनिजं विरघळलेलं तापलेलं पाणी भेगांतून वर चढतं, ठरावीक खोलीवर उकळतं आणि चांदी तिथेच सोडतं. वर पोहोचते वाफ. ती खडक कुजवून त्याची पांढरट माती करते आणि मागे पारा, आर्सेनिक, अँटिमनीचा अंश ठेवते. अशा मातीच्या नमुन्यात चांदी शून्य आली, तरी जाणकार परत फिरत नाही. तो विचारतो, तेव्हापासून हा डोंगर किती झिजलाय? फारसा झिजला नसेल, तर चांदी अजून खालीच असू शकते.

राजस्थानात खूण वेगळी. तिथे चांदी शिसं-जस्ताच्या खनिजाबरोबर येते आणि ते खनिज पृष्ठभागाशी गंजलं की वर लालतपकिरी, सच्छिद्र टोपी उरते. तिला गॉसन म्हणतात. (आपल्या बेसॉल्टवर ती शोधत बसू नका.)

यानंतर ड्रिलिंग. बहुतेक भोकं रिकामी जातात. आज पेरलं की उद्या उगवायला हवं, अशा स्वभावाच्या मुलाला इथे ढकलू नये, हे माझं स्पष्ट मत.

वाट सरळ आहे: जिऑलॉजी घेऊन बीएस्सी, मग ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत किंवा विद्यापीठात एमएस्सी. पुढे यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा आणि १८५१ पासूनचं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. खनिजशोध करणारी सरकारी कंपनी एमईसीएल आणि भारतीय खाण ब्यूरो, दोन्हींची मुख्यालयं नागपुरात आहेत. खासगी नोकऱ्या मात्र धातूंच्या भावाबरोबर वरखाली होतात. ते गृहीत धरूनच उतरा.

मुलींच्या पालकांसाठी: २०१९ मध्ये भूमिगत खाणीत तांत्रिक व देखरेखीच्या कामावर, लेखी संमतीने, स्त्रियांना दिवसा नेमायला परवानगी मिळाली.

प्रवेशअर्ज भरण्याआधी जवळच्या कॉलेजच्या जिऑलॉजी विभागात जा आणि तिथल्या विद्यार्थ्याची फिल्डवरची वही बघायला मागा. मुलगा किंवा मुलगी ती चाळताना रमली, तर फीची चौकशी करा.